पाहुण्याच्या वाट्याची कलेजी

आमच्या शेजारचे डॉक्टर जनावरांचे. त्यांचा दवाखाना नाही. सोलापुरातल्या एका लॅबमध्ये बसून ते दुखण्यावरच्या औषधांनी शेळ्या-म्हशींच्या लिव्हरचं काय होतं, ते सूक्ष्मदर्शकातून बघतात. बोलतात मात्र शेळी नात्यातली असल्यासारखं. "कालच्या बिचारीच्या पेशी लई सुजल्या होत्या," असं चहा पिता पिता सांगतात. माझं डोकं दुखलं की मी गोळी त्यांच्या नजरेआड घेतो.

गावाकडच्या जेवणांना आम्ही दोघं एकाच गाडीवर जातो. डॉक्टर म्हणून कलेजी मानाने त्यांच्याच ताटात पडते आणि ते ती हळूच माझ्या ताटात सरकवतात. "दिवसभर तेच बघतो की," म्हणतात. त्याआधी यजमानाला बोकडाची तब्येत विचारल्याशिवाय राहत नाहीत. मला ती त्यांची खोड वाटायची.

परवा कुंभारीत यजमान म्हणाले, "बोकडाचा पाय मोडला हुता. कालपातूर दुखायचं इंजेक्शन देत हुतो. शेवटी म्हटलं, कापूया."

डॉक्टरांनी मान डोलावली. कलेजी आली तसं मी ताट पुढे केलं. माझ्याकडे न बघता त्यांनी ती सगळी संपवली, वर "झकास झालीय" म्हणाले. यजमान खूश.

परतताना मी विचारलं, "आज माझा वाटा कुठं गेला?"

"असल्या लिव्हरात औषध राहतंय. पण जेवू घालणाऱ्याला ते कसं सांगायचं?"

"मग मला द्यायचं की."

"तुमी आधीच चोरून गोळ्या खाताय," ते म्हणाले. "माझ्या लिव्हरात अजून जागा हाय."