धाकटीची मीटिंग

आमच्या पुसदच्या घरात सकाळचा चहा आटोपला की मिक्सर बंद होतो. धाकट्या जावेची मीटिंग असते. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पुढच्या खोलीचं दार आतून लागतं. सासूबाईंनी जन्मात कधी कोणासाठी आवाज खाली केला नाही, पण आता दारावर भाजीवाला ओरडला तर त्या धावत जाऊन त्याले हातानंच 'चूप' म्हणतात.

माझ्या पोटात दुखते ते याच्यासाठी. तिचा पगार तिले लखलाभ. पण माझ्यासाठी या घरात कोणी कधी टीव्हीचा आवाज कमी केला असं मले आठवत नाही. टायफॉइड झाला होता तेव्हाही नाही.

आता कोणी म्हणेल, जावा-जावांचं असंच असतं. तसं नाही. धाकटीनं महागाची साडी घेतली, तिच्या माहेरून टोपलंभर संत्री आली, तरी मले काही वाटत नाही. उलट संत्री मीच जास्त खाते. पण बाई, मी यवतमाळच्या कॉलेजातून एमसीए केलं आहे. होस्टेलवर पोरी परीक्षेच्या आधी माझ्या खाटेवर येऊन बसायच्या, प्रोग्राम समजावून दे म्हणून. त्यातल्या दोघी आता हैदराबादले आहेत. गळ्यात कंपनीचं कार्ड घालून फोटो टाकतात, आणि मी खाली अंगठा दाबते. माझं लग्न शेवटच्या परीक्षेनंतर लगेच झालं. "करू दे नोकरी, आमची काही ना नाही," असं सासऱ्यायनं पाहायला आले तेव्हा सांगतलं होतं. पण नोकरी होती पुण्याले, आणि नवरा मास्तर पुसदच्या शाळेत. विषय तिथंच संपला.

मग काही वर्षांनी धाकटी आली. ती पुण्याहून नोकरी सोबतच घेऊन आली. लॉकडाऊनमध्ये कंपनीनं घरून काम करायले सांगतलं, आणि पुढं ते तसंच चालू राह्यलं. माझ्या वेळी असं असतं तर? रोज भाकरी थापताना हाच विचार करते, आणि मग एखादी भाकर करपते.

तिचा चहा मीच नेऊन देते. दार हळूच ढकलायचं, कप ठेवायचा, कॅमेऱ्यात यायचं नाही. ती नुसत्या ओठांनी "थँक्यू ताई" म्हणते. पोरगी वाईट नाही, हेच तर अवघड आहे. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

एका रविवारी ती सगळ्यायले तिचं नवीन ॲप दाखवून राह्यली होती. दवाखान्यात नंबर लावायचं ॲप. सासूबाईंनी चश्मा लावला, माझा नवरा "वा, वा" करून राह्यला होता. मले ते पाहवेना. म्हटलं, आण इकडे मोबाइल. मले त्यात काही तरी बिघडवायचं होतं, खरं सांगते. इकडे दाबलं, तिकडे दाबलं, अर्ध्यातून मागं आले, तारीख बदलली. आणि ॲपनं मले कालच्या तारखेचा नंबर लावून दिला.

"घ्या," मी म्हटलं, "चला आई, काल जाऊन तुमचे गुडघे दाखवून येऊ."

वाटलं, आता हिचं तोंड उतरेल. कायचं काय. ती माझ्या शेजारी येऊन बसली. "ताई, परत करून दाखवा. आधी काय दाबलं?" मी करून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्याकडे टेस्टिंगवाले दिवसभर हेच करतात. चुका शोधतात. तुम्ही का नाही करत?"

"मले कुठं वेळ आहे," मी म्हटलं. आणि त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात दुसरं काही राह्यलं नाही.

दुपारी घर झोपलं की तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी बसायची. जुनं कॉलेजातलं हळूहळू आठवलं, नवीन ती शिकवायची. कधी एखादं बरोबर आलं की म्हणायची, "मस्त, ताई," बालवाडीतल्या पोराले म्हणावं तसं. मी तोंडानं हसायची आणि आतून जळायची. पण शिकायची. तिले जे येते ते मले यायले पायजे, एवढं एकच डोक्यात होतं.

मग तिच्याच कंपनीत टेस्टरची जागा निघाली, घरून काम करायची. तिनं माझं नाव सुचवलं. इंटरव्ह्यू व्हिडिओवर होता. मले ती नोकरी इतकी पायजे होती की भाकरी थापतानाही मी टेस्टिंगचंच घोकून राह्यली होती.

त्या दिवशी अख्खं घर तयारीले लागलं. सासूबाईंनी ठेवणीतली साडी काढून दिली, पदर सारखा केला, केसात गजरा माळला. मी नको म्हटलं नाही. पुढच्या खोलीत मले खुर्चीवर बसवलं. धाकटी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कपाटाजवळ उभी राह्यली.

पडद्यावर एक पुरुष आणि एक बाई. बाई माझ्याहून लहान. तिनं हसून इंग्रजीत सांगतलं, आधी स्वतःबद्दल थोडं बोला.

आणि मी बोलले. इंग्रजी चांगलं होतं माझं, कुठं अडखळले नाही. माझे मिस्टर शिक्षक आहेत. सासरे रिटायर झाले. आमचं एकत्र कुटुंब आहे. माहेर दिग्रसकडचं, वडील एसटीत कंडक्टर होते, एक भाऊ. दोन मुलं आहेत, दोघंही हुशार. मले स्वयंपाकाची आवड आहे. हे सगळं मी मांडीवर हात ठेवून, नजर खाली करून सांगतलं. कपाटाजवळून धाकटी हातवारे करून राह्यली होती. मले वाटलं, छान चाललं म्हणते.

याच्याआधी मले 'स्वतःबद्दल सांग' असं एकदाच विचारलं होतं, सासरचे पाहायले आले तेव्हा. बाबायनं आदल्या दिवशी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. आधी घरच्यायचं सांगायचं, आवाज मऊ ठेवायचा, वर पाहायचं नाही. तेच पाठ होतं, तेच बाहेर आलं.

पुढचे कामाचे प्रश्न मी सगळे बरोबर सोडवले. शेवटी त्या बाईनं विचारलं, तुम्हाले आम्हाले काही विचारायचं आहे का? मी मान हलवून नाही म्हटलं. पाहायले आलेल्यायले पोरगी काही विचारत नसते.

आठवड्यानं नकार आला. धाकटीनं चौकशी केली तर कळलं, कामाचं येते त्यायले, पण स्वतःबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, आत्मविश्वास दिसला नाही. सांगता सांगता धाकटी रडायले लागली. मले आणखीनच राग आला. नकार माझा, आणि रडायचा मानही हीच घेऊन गेली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "जाऊ दे वं. दोघी खोलीत जाऊन बसल्या असत्या, तर घर कोनं पाह्यलं असतं?" मायेनंच म्हणाल्या. त्यायचा जीव भांड्यात पडला होता, ते मले दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धाकटीच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. म्हटलं, "तुले विचारलं होतं तेव्हा तू काय सांगतलं?"

ती आधी लाजली. मग बोलायले लागली. मी कॉलेजात हे बनवलं. मी पहिल्या नोकरीत ते बंद पडलेलं काम चालू केलं. मले अमुक आवडतं, तमुक येत नाही पण शिकते. मी पुढं टीम सांभाळणार. सासर नाही, माहेर नाही, नवऱ्याचं नाव नाही. माझा इतका जळफळाट तिचा पगार ऐकूनही झाला नव्हता.

"आता तुम्ही सांगा, ताई," ती म्हणाली.

"मी," मी म्हटलं. पुढं पुसद आलं, ते गिळलं. नवरा आला, पोरं आली, तीही गिळली. मग काहीच आलं नाही. धाकटी गुडघ्यावर हनुवटी टेकून वाट पाहून राह्यली होती.

तेव्हा मात्र मले रडू फुटलं. ती पाणी आणायले उठली. मी तिचा हात धरून तिले खाली बसवलं.

"पाणी राहू दे," मी म्हटलं. "तुझं परत सांग. हळू सांग."