न चाललेला हेराचा सिनेमा

मैत्रिणींनो, आज अंगात त्राण नव्हतं, म्हणून दुपारी टीव्हीसमोर बसले. मोठ्या हिरोचा, लढाईतल्या हेराचा एक जुना सिनेमा लागला होता.

नात म्हणाली, "आजी, हा फ्लॉप पिक्चर कावून पाहून राहिली?"

"राहू दे," मी म्हटलं.

साठच्या दशकात हाच सिनेमा पाहायला आम्ही नवराबायको अकोटहून एसटीनं अकोल्याला गेलो होतो. तेव्हा थिएटरात बायका वर बसत, पुरुष खाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सिनेमाला आम्ही कधी शेजारी बसलो नव्हतो.

त्या दिवशी वर मी एकटीच होते आणि खाली जेमतेम दहा माणसं. दारावरच्या म्हाताऱ्याला माझी कीव आली.

"जा बाई खाली, मालकापाशी. कोन पाहून राहिलं इथं!"

मी खाली गेले. हे दचकले. "कोनी पाह्यलं म्हंजे?" म्हणाले आणि सरकून जागा दिली. मग पडद्याकडे माझं धड लक्षच लागलं नाही.

यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तो हेर शेवटी मरतो, हे मला आज कळलं.

सिनेमा चालला असता, तर मी वरच बसून राहिले असते. मग त्याला फ्लॉप कसं म्हणू, सांगा?