चौकशीचे दोन पाहुणे

‘काय सर, मजेत ना?’ असं मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी विचारलंत. मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा तुसडा आहे. आहेच! पण याच प्रश्नाचं उत्तर देऊन मी एकदा असा काही तोंडघशी पडलोय, की त्यानंतर कुणी साधं ‘बरं आहे ना?’ म्हटलं तरी मी आधी दाराकडे बघतो. चहा येतोय, तोवर ऐका.

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी चाकणला कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. कॉलेज म्हणजे काय? कांद्याची वखार! संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी आपली जुनी वखार विद्यादानाला दिली. कांदे मात्र हलवले नाहीत. मी शोकांतिका शिकवायला उभा राहिलो की वर्ग ढसाढसा रडायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय आपली वाणी! दुसऱ्या दिवशी मीही रडायला लागलो तेव्हा कळलं.

त्यातून आम्ही सगळे हंगामी. दर एप्रिलला संस्था आम्हाला काढून टाकायची आणि जूनमध्ये, मर्जी असेल तर, परत घ्यायची. पगार कधी व्हायचा ते विचारू नका. चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाला मात्र प्राध्यापकांनी रांगेत उभं राहून हार घालायचे. फारसी शिकवणारे शेख सर चाकणचेच. घर जवळ, स्वभाव तिखट. ते म्हणायचे, ‘‘सर, कांद्याला भाव तरी असतो. आपल्याला तोही नाही.’’

अशात एक दिवस शेख सर धावत आले. विद्यापीठाने म्हणे ठरवलंय, कॉलेजातले शिक्षक सुखी आहेत की नाहीत ते बघायचं. त्यासाठी माणूस पाठवणार.

‘‘कधी?’’

‘‘याच आठवड्यात. पण सांगून येणार नाही. ओळखही देणार नाही. नाहीतर आपले चेअरमन सतरंज्या अंथरून ठेवतील. सहज गप्पा मारायला आल्यासारखा येईल आणि विचारेल. सर, तुम्ही बोला. तुमच्या जिभेला हाड नाही. एकदाचं सगळं ओका. या माणसाने खरं लिहून नेलं ना, तर आपण सगळे कायम होऊ!’’

सगळ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवले. मी शब्द दिला.

आता दुसरी गोष्ट. माझी धाकटी बहीण शालू. मॅट्रिक झालेली, हुशार, हाताला चव. वडील नव्हते, त्यामुळे तिचं लग्न माझ्या गळ्यात. भाऊमामांनी चिंचवडचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा वसंता, पिंपरीच्या त्या कारखान्यात कायम नोकरीला. शालूने त्याला एकदा भाऊमामांकडे पाहिलं होतं. तेव्हापासून ती भाकऱ्या थापताना गाणं गुणगुणायची. आमच्या घरात गाणं! कांद्याच्या वासात!

भाऊमामांनी निरोप धाडला, ‘‘मुलाचे काका येतील. पण आधी गुपचूप चौकशी करतील. घर कसं, भावाची नोकरी कायम आहे का, घराण्यात दुखणंखुपणं आहे का. ते ओळख देणार नाहीत, तूही ओळखल्याचं दाखवू नकोस. जुनी माणसं आहेत, त्यांची पद्धत असते.’’

‘‘कधी येतील?’’

‘‘याच आठवड्यात.’’

लक्षात आलं ना? मला तेव्हा आलं नाही! मी स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. म्हटलं, यात घोटाळा कसला? धोतर-टोपीवाला आला की तो काका. सूट-बूटवाला आला की विद्यापीठाचा.

शनिवारी सकाळी मी एस.टी. स्टँडवर तुकारामच्या हॉटेलात चहा पीत होतो. तेवढ्यात तुकाराम माझ्या कानाशी लागला, ‘‘मास्तर, ते पाव्हणं बगा. तुमच्या कालेजाबद्दल इचारत्यात. तुमी कसं हाय, घरात कोन हाय, समदं इचारत्यात.’’

मी वळून पाहिलं. धोतर, काळा कोट, काळी टोपी, हातात छत्री, चेहऱ्यावर वाकड्या नजरेने जग तोलण्याची सवय. काका! शंभर टक्के काका!

‘‘नमस्कार,’’ ते म्हणाले. ‘‘सहज आलो होतो. आपण इथे प्राध्यापक ना? मजेत आहात ना?’’

‘‘मजेत?’’ मी म्हणालो. ‘‘अहो, याहून मजा ती काय असते?’’

‘‘नोकरी कायम आहे?’’

‘‘कायम म्हणजे काय, संस्था मला सोडायलाच तयार नाही!’’

‘‘जागा, हवापाणी?’’

‘‘महाबळेश्वरला जाण्याची गरज पडत नाही.’’

‘‘प्रकृती?’’

‘‘घराण्यात कुणाला शिंकसुद्धा माहीत नाही.’’ नेमका तेव्हाच मला खोकला आला. तो मी चहाबरोबर गिळला. डोळ्यांतून पाणी आलं तर म्हटलं, आनंदाश्रू.

‘‘आणि संस्थाचालक?’’

‘‘देवमाणूस! पित्यासमान! मी रोज सकाळी आधी त्यांचं नाव घेतो.’’ हे मात्र अगदी खोटं नव्हतं. नाव घ्यायचो, पण कसं ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

मी त्यांना घरी नेलं. आईने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि लगबगीने पोहे टाकले. शालू नवी साडी नेसून ट्रे घेऊन आली. म्हाताऱ्याने विचारलं, ‘‘शिक्षण किती, बाळ?’’ ती म्हणाली, ‘‘मॅट्रिक.’’ तो म्हणाला, ‘‘वा! गोड मुलगी. घरात केवढं समाधान आहे!’’ पोहे दोनदा घेतले. जाताना म्हणाला, ‘‘मला जे पाहिजे होतं ते मिळालं. आमच्याकडून तुम्हाला लवकरच कळेल.’’

तो उंबऱ्याबाहेर पडताच आईने देवापुढे साखर ठेवली. शालू स्वयंपाकघरात पळाली. तिच्या बांगड्या वाजत होत्या. मी छाती काढून कॉलेजला गेलो. एक काम फत्ते झालं होतं, दुसरं बाकी होतं.

आणि दुपारी तो आला. पँट, कोट, टाय, खिशाला फाउंटन पेन, काखेत फाईल! शेख सरांनी मला कोपराने ढोसलं.

‘‘तुम्हीच ना इंग्रजीचे?’’ तो म्हणाला. ‘‘ओव्हरटाइम सोडून मुद्दाम आलोय. जरा मोकळेपणाने बोलायचं होतं. कसं काय चाललंय? मजेत?’’

ओव्हरटाइम! विद्यापीठात ओव्हरटाइम असतो का हो? पण माझी अक्कल त्या दिवशी कांद्याच्या पोत्याखाली गेली होती.

‘‘मजेत?’’ मी गरजलो. ‘‘साहेब, ही वखार बघा आणि तुम्हीच सांगा!’’

मी त्याला फिरवला. गळकं छप्पर दाखवलं. म्हणालो, ‘‘नोकरी? कसली नोकरी! दर एप्रिलला रस्त्यावर. कायम इथे एकच गोष्ट आहे, हा वास.’’

त्याचा चेहरा पडायला लागला. मला वाटलं, वा, परिणाम होतोय. मी आणखी चढलो.

‘‘राहायला एक खोली. त्यात आई, मी, बहीण. पगाराचा पत्ता नाही. वाण्याच्या दुकानासमोरून मी मान खाली घालून जातो.’’

‘‘आणि प्रकृती?’’ त्याने हळूच विचारलं.

‘‘प्रकृती!’’ असं म्हणून मी सकाळपासून गिळून ठेवलेला सगळा खोकला मोकळा सोडला. शेख सर मदतीला धावले. ‘‘साहेब, यांची छाती पार गेली. आम्हाला तर क्षयाची शंका येते!’’

‘‘क्षय?’’ तो एक पाऊल मागे सरकला. ‘‘घरात आणखी कुणाला?’’

‘‘घरात?’’ मी ओरडलो. ‘‘सगळ्यांनाच! या हवेत वाचणार कोण? आई खोकते, बहीण खोकते. लिहा साहेब, सगळं लिहा!’’

त्याने काहीच लिहिलं नाही. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि म्हणाला, ‘‘तुम्ही प्रामाणिक माणूस आहात. असं सरळ कुणी सांगत नाही हो. मी चिंचवडचा. वसंताचा काका.’’

शेख सरांचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला.

‘‘तुम्ही... काका?’’ मी म्हणालो. ‘‘मग सकाळचे?’’

‘‘सकाळचे कोण?’’

मी तसाच स्टँडकडे पळत सुटलो. पुण्याची एस.टी. निघत होती. खिडकीत काळी टोपी. मी हात हलवत ओरडलो, ‘‘अहो थांबा! खोटं होतं ते! सगळं खोटं!’’ इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार? त्यांनी प्रेमाने हात उंचावला आणि म्हणाले, ‘‘असेच आनंदात राहा!’’ गाडी गेली. धुरळा माझ्या तोंडात.

मी परत आलो तोवर काका निघून गेले होते. पोहे सोडाच, पाणीसुद्धा न घेता.

स्थळ मोडलं. मोडणारच. भाऊमामा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. आई रडली. शालू रडली नाही, ते जास्त वाईट. ती एवढंच म्हणाली, ‘‘दादा, तू जन्मात एकदा खरं बोललास, आणि तेही माझ्याच चौकशीत?’’ तिचं गाणं त्या दिवशी थांबलं. माझ्या जिवाला अजून लागून राहिलंय ते.

तुम्हाला वाटेल, संपलं. छे! विद्यापीठाचा अहवाल आला. चेअरमनसाहेबांनी वाढदिवसाच्या सभेत तो स्वतः वाचून दाखवला. म्हणे आमच्या कॉलेजाइतके सुखी शिक्षक कुठेच आढळले नाहीत, सबब इथे काही बदल करण्याची गरज नाही! मला स्टेजवर बोलावून शाल घातली. समोर सगळे सहकारी बसले होते. टाळ्या वाजवताना ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ना, तिच्यापेक्षा चपला परवडल्या असत्या. शेख सर तर टाळ्याही वाजवत नव्हते.

साहेब म्हणाले, ‘‘काय हे समाधानी घराणं! पाहुण्यांनी बहिणीचंही कौतुक केलंय. मॅट्रिक आहे ना? तिलाही आपल्या मुलींच्या शाळेत घेऊन टाकू!’’

घेतलं की. हंगामी! तेव्हापासून दर एप्रिलला आम्ही भाऊबहीण एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, छत्री मिटत घरी यायचो. आई दोघांना पाणी द्यायची आणि काही विचारायची नाही. स्थळं पुढेही आली. चौकशीला माणसं चाकणला उतरली, की तुकारामचं गिऱ्हाईकच त्यांना सांगायचं, ‘‘त्ये व्हय? त्यांच्या घरात खोकला हाय म्हनं.’’ दवंडी मीच पिटली होती, दुसऱ्या कुणाला दोष देऊ?

असो. घ्या, चहा आला. ही शालू. होय, तीच. केस पांढरे झालेत, पण चहा तसाच करते. बस गं, ही मंडळी मला विचारत होती, मजेत आहात ना म्हणून.

काय म्हणालीस?

‘‘दादा, उत्तर देण्याआधी विचारलंस का, हे कुणाकडून आलेत?’’