पाचवी रकात

नमाजीच्या चौथ्या रकातीनंतर, म्हणजे चौथ्या फेरीनंतर, आमच्या म्हाताऱ्यांनी खाली बसायला हवं होतं. ते उठून उभे राहिले. तोवर त्यांची पांढरी टोपी काळी झाली होती. टोपीवर, मानेवर, दोन्ही खांद्यांवर आग्या मोहोळाच्या माश्या बसल्या होत्या आणि ते हात बांधून, नजर सजद्याच्या, कपाळ टेकायच्या जागेवर ठेवून पाचवी रकात पढायला लागले. असरच्या, दुपार ढळल्यावरच्या नमाजीत पाचवी रकात नसते. चारच असतात.

मी त्यांच्या मागे उलट्या क्रेटवर बसले होते. गुडघे गेल्यापासून मी बसूनच पढते. माझ्या दोन्ही हातांवर माश्या होत्या. मांडीवर ठेवलेले हात मला माझे वाटत नव्हते, कोणीतरी काळे हातमोजे घालून दिल्यासारखे दिसत होते.

त्यांची चूक त्यांना सांगायचं काम माझं होतं. इमाम चुकला तर मागचा पुरुष 'सुब्हानल्लाह' म्हणतो. बाईने बोलायचं नाही. तिने उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवर मारायची. एवढाच आवाज. आमच्या घरात हा आवाज रोज व्हायचा, कारण म्हाताऱ्यांची आठवण गेली होती.

आठवण गेली म्हणजे सगळीच गेली. जेवले की विचारायचे, आज स्वयंपाक नाही का? मुलाला मंडीतला दलाल समजून संत्र्याचा भाव विचारायचे. मला एक दिवस म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाकडे आल्या?" मी म्हटलं, "तुमच्याकडेच आली, लग्न करून." ते म्हणाले, "अच्छा," आणि सरकून मला खाटेवर जागा दिली.

नमाज मात्र गेली नाही. अजान झाली की उठायचे, वजू करायचे. हात, तोंड, नाक, कोपर, डोकं, पाय, सगळं बरोबर क्रमाने धुवायचे. ज्या माणसाला चप्पल कोणत्या पायात घालायची ते कळत नव्हतं, त्याचं वजू कधी चुकलं नाही. फक्त मोजणी चुकायची. मशिदीत सगळ्यांनी सलाम फेरून नमाज संपवली की हे एकटे पुन्हा उभे. एकदा असे उभे राहिले ते पुढच्या नमाजीच्या लोकांना जागेवरच सापडले. मग मौलाना घरी आले. चांगला माणूस आहे. म्हणाले, "ज्याला भान नाही त्याच्यावर नमाज फर्ज नाही. चाचांना माफ आहे." मी तेच म्हाताऱ्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि वजू करायला गेले.

तेव्हापासून घरी ते पुढे आणि मी मागे. मी काही फार नमाजी बाई नव्हते. तरुणपणी लोकांच्या शेतात कापूस वेचताना कितीतरी नमाजा राहून गेल्या, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. म्हातारपणी पाचही वेळा पढायला लागले ते पहारा द्यायला. ते उठायला लागले की मी टाळी द्यायची, ते लगेच खाली बसायचे. माझं दुसरं काही त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नाही. जेव म्हटलं तर जेवत नसत, झोप म्हटलं तर झोपत नसत. ही टाळी ऐकत.

बाग सौंसरच्या पुढे, लोधीखेड्याच्या बाजूला होती. मुलगा झाडावरची संत्री उभ्या बागेत विकत घेतो. आधी हाच धंदा म्हातारे करत. त्या दिवशी मुलगा नागपूरला अडकला, तोडणीवर मजूर बाया होत्या, मोजून क्रेट भरून घ्यायला घरचं माणूस हवं होतं. म्हाताऱ्यांना पांढुर्ण्याच्या घरी एकटं ठेवता येत नव्हतं. कुलूप लावलं तर दार तोडत, नाही लावलं तर तिगावच्या रस्त्याला लागत. म्हणून आम्ही दोघंही आलो. प्रवासात नमाज अर्धी होते, पण त्यासाठी बराच लांबचा प्रवास लागतो. पांढुर्ण्याहून सौंसर जवळ पडतं. दूर असतं तर चारच्या जागी दोनच रकाती असत्या आणि बरं झालं असतं.

विहिरीजवळ मोठा उंबर होता, तिथेच खुंट्याला बागमालकाची बकरी बांधलेली होती आणि उंबराच्या फांदीला सुपाएवढं मोहोळ लटकलेलं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं. ड्रायव्हरलाही दिसत होतं. तरी त्याने पिकअप सावलीसाठी त्याच झाडाखाली लावली.

एक मजूर बाई त्याला म्हणाली, "काऊन गा, दुसरी सावली नाही भेटली तुले?"

तो म्हणाला, "ते काही करत नाही बाप्पा. आपण त्याइले काही केलं नाही तर ते काऊन करतीन?"

मग क्रेट भरून झाले, आम्ही असर पढायला उभे राहिलो आणि त्याने गाडी चालू केली. गाडी चालू होईना. त्याने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, पाय दाबून दाबून फिरवली. मागून काळा धूर निघाला आणि सरळ वर मोहोळात गेला. वरून आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकला त्याला सांगायला नको.

मजूर बाया तिघी. दोघी क्रेट झाकायच्या ताडपत्रीत घुसल्या, तिसरी नाल्याकडे पळाली आणि माश्या तिच्या मागे पळाल्या. मग तीही फिरून ताडपत्रीतच आली आणि सोबत माश्याही घेऊन आली. आतून ज्या शिव्या आल्या त्या मी इथे लिहीत नाही. ड्रायव्हरने झटकन दोन्ही काचा वर केल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काही माश्या आतच आहेत. एरवी तो आमच्यासारखंच बोलतो, घाबरला की हिंदीवर येतो. "अंदर भी है! अंदर भी है!" असं तो बंद काचेतून आम्हाला ओरडून सांगत होता. आम्ही काय करणार होतो?

त्या वेळी आमची दुसरी रकात चालू होती.

जीव धोक्यात असेल तर नमाज तोडता येते. तोडावीच. हे मला माहीत होतं. मी तोडून पळाले असते तर किती पळाले असते? पाच पावलांवर गुडघ्याने मला पाडलं असतं. आणि म्हाताऱ्यांना हात धरून ओढलं असतं तर त्यांनी हात झटकला असता. कोणी धरलं की झटकतात, ती त्यांची रीतच झाली होती. झटकलं की संपलं. मोहोळाची माशी हलणाऱ्याला आधी चावते. लहानपणापासून मी हे पाहिलं आहे. म्हणून मी जागच्या जागी बसले. यात श्रद्धेचं काही नव्हतं.

म्हाताऱ्यांना तर काही कळलंच नाही. ते आधीच हळू. रुकूत वाकायला वेळ, उठायला वेळ, सजद्यात जाताना आधी एक हात जमिनीला, मग दुसरा, मग कपाळ. इतकं हळू की टोपीवरच्या माश्या चालत चालत पाठीवर यायच्या आणि ते उठले की पुन्हा चालत टोपीवर जायच्या. ओठ हलत होते, ओठाच्या कडेला एक माशी फिरत होती. त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते पढत होते.

चौथी झाली आणि मी मनात म्हटलं, आता बसतील, सलाम फेरतील, मग पाहू. तर हे उभे.

त्याच वेळी मला मानेवर माशी चावली. माझ्या तोंडून शिवी निघाली. मोठ्याने नाही, पण निघाली. शिवीने नमाज तुटते. म्हणजे माझी तुटली. आता मी नमाजीत नव्हते, क्रेटवर बसलेली एक म्हातारी होते, पण हलता तरीही येत नव्हतं. ते मात्र पुढे चालूच. पाचवी झाली, ते पुन्हा उभे राहिले. मला दिसत होतं की हा माणूस आता थांबणार नाही. मशिदीत थांबला नव्हता तसा इथेही उभा राहील. त्याचे पाय कधीतरी लटपटतील, तो पडेल आणि पडला की त्या सगळ्या एकदम चावतील.

ताडपत्री सरकत सरकत माझ्याजवळ आली. खालून सहा पाय दिसत होते. आतून त्या बायांतली मोठी बोलली. बौद्ध आहे, आमच्याच गल्लीमागे राहते, माझ्यासोबत कापूस वेचून म्हातारी व्हायला आली आहे.

"चाची, जित्त्या आहा ना?"

"आहे. हळू बोल."

"चाचा काय करून राहिले अजून?"

"नमाज पढून राहिले."

"येवढी लांब असते का वं तुमची नमाज?"

"नसते. ते विसरले."

"मंग सांगा ना त्याइले!"

"सांगून ऐकत नाहीत. टाळी लागते. माझ्या हातावर माश्या आहेत."

आत थोडा वेळ कुजबुज झाली. मग ती म्हणाली, "मी वाजवू का?"

"तुला येते का?"

"टाळी वाजवाले काय शाळेत जावं लागते?"

तिने वाजवली. भजनात वाजवतात तशी, तळव्यावर तळवा. म्हाताऱ्यांना काहीच नाही. त्यांच्या लेखी ती दुसऱ्या कोणाची तरी टाळी होती. उलट दोन माश्या उडून ताडपत्रीवर बसल्या.

मी म्हटलं, "तशी नाही. बोटं हाताच्या पाठीवर मार. एकदाच."

"कोणत्या हाताच्या?"

"डाव्या."

"अंधारात डावा कोणता ते तरी पाहू द्या."

आतून दुसरी म्हणाली, "अवं हा माहा हात आहे!"

"मंग तुह्याच हातावर मारतो, गुमान राह्य."

आणि तिने मारली. दुसरीच्या हाताच्या पाठीवर. अगदी घरातल्यासारखा आवाज आला, चटकन, कोरडा.

म्हातारे सहावी पढून सातवीला उठता उठता थांबले. गुडघे अर्धे वाकलेले, हात मांडीवर. मला वाटलं पडतात. मग ते हळूच खाली बसले, पाय नीट घेतले, बोट वर केलं, सगळं पुरतं पढले. चुकीची भरपाई म्हणून शेवटी दोन जादा सजदे असतात, तेही केले. मी मनातल्या मनात त्यांना आणखी एक शिवी दिली. उजवीकडे मान वळवून सलाम केला. डावीकडे वळवताना माशी गाल आणि खांद्याच्या मध्ये सापडली, तिथून सुटली आणि तिने त्यांना नाकावर चावलं. त्या पूर्ण वेळात त्यांना चावलेली ती पहिली.

नाक धरून त्यांनी मागे पाहिलं आणि विचारलं, "असर झाली का?"

मी म्हटलं, "झाली. लय झाली. खाली पडा."

नमाज संपली की ते माझं ऐकायचे नाहीत, पण बाया ऐकायला थांबल्याच नाहीत. त्यांनी ताडपत्री वरून टाकली आणि आम्ही पाचजण एकावर एक तिच्यात पडलो. संत्र्यांचा, घामाचा, धुराचा वास. आत चार-दोन माश्या होत्या, त्यांनी जे करायचं ते केलं. म्हाताऱ्यांना वाटलं लग्नाच्या मांडवात आलो आहोत. ते टाळी देणाऱ्या बाईला म्हणाले, "जेवून जा हो बाई." ती म्हणाली, "हो चाचा, आधी वाचू तर द्या."

ऊन उतरल्यावर माश्या उंबरावर परतल्या. ड्रायव्हरने तेव्हा कुठे दार उघडलं. गाडी एका किल्लीत चालू झाली. सौंसरच्या दवाखान्यात सगळ्यांना सुया टोचल्या. डॉक्टरने विचारलं, "यांना इतकं कमी कसं चावलं?" मी म्हटलं, "हे हलले नाहीत." तो म्हणाला, "इतका वेळ कोण न हलता राहतं?" मी म्हटलं, "हलत होते, पण हळू."

पांढुर्ण्याला बातमी आमच्या आधी पोहोचली आणि वाढून पोहोचली. दुसऱ्या दिवसापासून लोक दारात. कोणी लेकराला फुंक मारून घ्यायला आणलं, कोणी पाण्याची बाटली. मी दारात उभी राहून सांगायची की ही करामत नाही, विसराळूपणा आहे. लोक म्हणायचे, मोठे लोक असंच सांगतात. म्हातारे आतून विचारायचे, "कोण आलं? संत्री घ्यायला आले का?"

मौलानाही आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, चौथीनंतर बसले नाहीत, तर ती असर झालीच नाही. शिवाय टाळी नमाजीबाहेरच्या माणसाने दिलेली, तिच्यावर चालता येत नाही. पुन्हा पढायला हवी होती. मी म्हटलं, "तुम्ही त्या बागेत येऊन पढा, मी मागे बसते." ते हसले. मग म्हणाले, "चाचांना तर माफच आहे." मी म्हटलं, "ते त्यांना कोण सांगणार?" एवढ्यात संध्याकाळच्या मगरिबची अजान झाली आणि म्हातारे उठून बाह्या वर करत नळाकडे गेले. नाक अजून वांग्यासारखं होतं. त्यात पाणी घालताना ते ओरडले, आणि तरी तिन्ही वेळा घातलं.

त्या दिवशी बागेत आम्ही सहा माणसं होतो. तिन्ही बाया जगल्या. ड्रायव्हर जगला. आमचे म्हातारे जगले आणि मी जगले. बागमालकाची बकरी विहिरीजवळ खुंट्याला बांधलेली होती, ती मेली.