हरशील तू, मनू!

टेनिस बघणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. क्रिकेट बघताना माणूस बोलून मोकळा होतो. टेनिसमध्ये बॉल खेळात असला की तोंडातून अक्षर काढायचं नाही! सगळं आतल्या आत दाबायचं. मग ते पुढे वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतं आणि ऐकणारा मिळाला की त्याची सुटका नाही. आज तुम्ही सापडलात.

आम्ही चौघं. मी शैला, मिरजेचे मुजावर, वसईचे फर्नांडिस आणि साताऱ्याचे साठे. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलो आणि इथलेच होऊन बसलो. ओळख झाली कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये, शेवटच्या साबुदाणा वड्यावरून भांडताना. वेड एकच, आपल्या देशाची टीम दुसऱ्या देशाच्या टीमशी खेळते त्या लढती बघायच्या. अशा एका लढतीत चार-पाच मॅच असतात. एखादा खेळाडू एकटा हरला तर मला वाईट वाटतं. देश हरला की जेवण जात नाही!

*

आमचा एक नियम आहे. मॅच चालू असताना "जिंकणार" असं कुणी म्हणायचं नाही. विचारलंच तर म्हणायचं, "हरणार."

हा नियम मुजावरांच्या घरी जन्माला आला. लढत परदेशात होती, आम्ही टीव्हीपुढे. आपला खेळाडू मॅच पॉइंटवर! मुजावर मांडीवर थाप मारून ओरडले, "झालं! जिंकलो! चहा टाक गं!"

तिथून जी घसरगुंडी लागली, ती मॅच हातातून गेली आणि लढतही गेली. चहा कोणी प्यायला नाही. मुजावर पाहुण्यांच्या चपला मोजत असल्यासारखे खाली मान घालून बसले होते.

तेव्हापासून मुजावरभाभी स्वयंपाकघरातून आधी विचारतात, "मॅच संपून हात मिळवले का दोघांनी? मिळवले असतील तर टाकते."

*

फर्नांडिस एकदा अशाच एका लढतीच्या दिवशी गाडीची सीट कव्हरं घ्यायला करोल बागेत गेले. दुकानातून फोन केला, "स्कोअर काय?" तेवढ्यात आपण पॉइंट जिंकला. थोड्या वेळाने परत फोन, परत पॉइंट! घरी यायला निघाले तर सलग दोन गेम गेले.

साठे फोनवर म्हणाले, "फर्नांडिस, जिथे होतात तिथे परत जा!"

भला माणूस परत गेला. नुसतं बसायचं कसं, म्हणून पायपुसणी घेतली. मग स्टिअरिंगचं कव्हर. मग हॉर्न. तिसरा सेट लांबला तेव्हा आरसे बदलून घेतले. आपण जिंकलो, आणि फर्नांडिस नव्या नवरीसारखी सजलेली गाडी घेऊन बाहेर पडले. दुकानदार दारापर्यंत पोचवायला आला.

"सर, कल भी मैच है क्या?"

*

चंदीगडला लढत होती म्हणून एकदा गाडीने निघालो. फर्नांडिसांनी दिल्लीतच बजावलं, "कुठेही थांबा, पानिपतला थांबायचं नाही. मराठी माणसाने लढतीला जाताना पानिपतला थांबणं बरं नव्हे."

आम्ही हसलो. आणि टायर नेमका पानिपतलाच बसला! फर्नांडिस गाडीतून उतरेनात. जमिनीला पाय लावला नाही म्हणजे थांबलो असं होत नाही, हे त्यांचं लॉजिक. मेकॅनिकने जॅक लावायला घेतला तरी हे आत, खिशातली जपमाळ ओढत.

मेकॅनिकने विचारलं, "कहाँ से हो जी?"

"महाराष्ट्र से."

तो टायर काढता काढता म्हणाला, "अच्छा, अच्छा. आप लोग तो पहले भी आए थे!"

लढत हरलो, हे सांगायला नकोच.

*

आता साठ्यांची मनू. ही पोरगी आमच्यासमोर वाढली, चौघांची मिळून एक म्हणा ना. रॅकेट तिच्यापेक्षा मोठी दिसायची तेव्हापासून खेळते. आणि प्रत्येक मॅचच्या आधी साठे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "हरशील तू, मनू."

ती म्हणायची, "हो बाबा." आणि पळत कोर्टवर जायची.

एका ज्युनिअर स्पर्धेत दुसऱ्या मुलीच्या आईने हे बघितलं. भाषा कळली नसेल, पण मनूने अर्थ सांगितल्यावर बाई चांगल्याच तापल्या. "भाई साहब, बच्ची को डिमॉरलाइज़ क्यों करते हो?"

साठे गोरेमोरे झाले. मनूनेच बाईंची समजूत काढली.

"आंटी, ये हमारे यहाँ ब्लेसिंग होता है."

*

मग मनूचा खांदा गेला. ऑपरेशन झालं. वर्षभर रॅकेट कपाटात. हात वर करून केसांना रबर लावता येत नव्हतं, ते साठे लावून द्यायचे, तेही वाकडं. डॉक्टर म्हणाले होते, खेळेल, पण पहिल्यासारखी खेळेल का ते कोर्टवरच कळेल.

ती परत उभी राहिली आणि देशाच्या टीममध्ये आली. राखीव म्हणून का होईना, आली! लढत दिल्लीतच होती. पहिल्या दिवशी बरोबरी झाली, आपल्या एका मुलीचा पाय मुरगळला आणि कॅप्टनने ठरवलं, उद्याची निर्णायक मॅच मनू खेळणार.

संध्याकाळी टीमच्या हॉटेलमधून तिचा फोन आला. आम्ही साठ्यांकडेच होतो. साठ्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, उद्या मी खेळतेय. बोला."

साठ्यांनी तोंड उघडलं. डोळ्यांसमोर काय आलं असेल, ते वाकडं रबरच बहुतेक. आणि तोंडातून निघालं, "जिंकशील गं, बाळा. नक्की जिंकशील."

 पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"बाबा, तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही गं."

"सच सांगा. छातीत दुखतंय का? डॉक्टरकडे गेला होता?"

"अगं, मी ठणठणीत आहे!"

"ठणठणीत असता तर असं बोलला असता का?"

तेवढ्यात तिला मीटिंगला बोलावलं. नंतर साठे फोन लावत राहिले. मॅचच्या आदल्या रात्री मीटिंगमध्ये कॅप्टन सगळ्यांचे फोन काढून घ्यायची. फोन बंद!

*

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरलेल्या क्रमाने बसलो. कडेला मुजावर, मग फर्नांडिस, मी आणि साठे. मनूची आई घरी देवापुढे, टीव्ही बंद करून.

मनूने पहिला सेट घालवला. खांदा बरा होता, सर्व्हिस कडक पडत होती, पण प्रत्येक पॉइंटनंतर ती वर बघायची. दुसऱ्या सेटमध्येही मागे पडली. माझ्या उशिरा लक्षात आलं. ती स्कोअर बघतच नव्हती, साठ्यांचा चेहरा बघत होती. आणि साठे घामाघूम, पांढरेफटक, छातीवर हात ठेवून बसलेले!

"अहो, तो हात काढा आधी!" मी म्हणाले.

फर्नांडिस म्हणाले, "तिला वाटतंय तुम्ही आज जाताय. बोला ना यार!"

मनू सर्व्हिसला उभी राहिली. सगळं स्टेडियम चिडीचूप. आणि आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेले साठे उठून बेंबीच्या देठापासून ओरडले,

"मनू! हरशील! नक्की हरशील तू!"

अंपायर म्हणाले, "क्वाएट प्लीज." पुढच्या रांगेत पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या. त्या गर्रकन वळल्या.

"लाज नाही वाटत? कोणाची तरी मुलगी आहे ती!"

साठे म्हणाले, "माझी."

खाली मनूने बॉल खिशात ठेवला. दोन्ही हात वर नेले, केसांचं रबर सोडून परत घट्ट बांधलं. आणि हसली. त्यानंतर तिने एकदाही वर बघितलं नाही.

आम्ही बघत होतो. तिसऱ्या सेटच्या शेवटी मुजावर डोळे मिटून बसले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला तरी उघडेनात. "हात मिळवले का?" एवढंच विचारत होते.

"मिळवले हो, मिळवले!" मी ओरडले.

घामाने निथळत मनू आमच्या कठड्याखाली आली. साठे वाकले. रडणं आवरत नव्हतं.

"बाबा, पुढची लढत परदेशात आहे. काय वाटतं?"

साठ्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"कठीण आहे गं."