फळीपर्यंतची रेघ

जगात जे काही वाकडंतिकडं दिसतं ते सगळं मुळात सरळच असतं, फक्त पुरेसे बिंदू घेऊन पाहावं लागतं, अशी ठाम खात्री असलेला एकच माणूस मला भेटला आहे, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. ठाकुर्लीला राहतात. एका रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. तिथे रंग किती घातला आणि पाणी किती गडद झालं याचे बिंदू आलेखाच्या कागदावर मांडायचे आणि त्यांतून एक सरळ रेघ काढायची, हे त्यांचं रोजचं काम. कारखाना सुटला, रेघ सुटली नाही.

बिंदू कधीच ओळीत बसत नाहीत. थोडे वर, थोडे खाली. म्हणून प्रत्येक बिंदू रेघेपासून किती वर किंवा खाली आहे ते मोजायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, आणि सगळ्या वर्गांची बेरीज ज्या रेघेला कमीत कमी येईल ती आपली रेघ. हे त्यांनी मला माझ्या लग्नातल्या पंगतीत, मठ्ठ्याच्या वाटीभोवती भाताची शितं मांडून समजावलं होतं. “वर्ग कशाला? नुसती अंतरं मोजली तर?” असं मी विचारलं. मी स्वतः हिशेबी माणूस आहे, मला शंका येतात. त्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की शेजारचा वाढपी जिलबी घेऊन थांबला. “वर्ग केला की वरचं आणि खालचं एकमेकांत फिटत नाही. आणि लहान चूक लहानच राहते, मोठी चूक फार मोठी होते. एखादा बिंदू लांब गेला की अख्खी रेघ त्याच्याकडे ओढली जाते.” माणसांनाही ते हाच नियम लावतात. चहात साखर विसरलात तर त्यांच्या लक्षातही राहत नाही. पण मी एकदा ‘साधारण’ म्हणून पाहुण्यांचा आकडा सांगितला होता, तो अजून निघतो.

त्यांच्या सोसायटीत एका उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली. साडूंनी गच्चीवर जाऊन टाकीतली पातळी तासातासाला मोजली, रेघ काढली आणि कागद जिन्यात चिकटवला. रेघ उत्साहाच्या भरात कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी चष्मा लावून ती वाचली आणि जिन्यातूनच हाक मारली, “अहो, तुमच्या हिशेबाने गुरुवारी टाकीत शून्याच्याही खाली पाणी आहे. ते भरायला खड्डा खणू का?” साडू अजिबात ओशाळले नाहीत. “रेघ बरोबर आहे. टाकीच तिथे संपते,” म्हणाले.

मुलाने त्यांना मोबाईलवर रेघ काढून देणारं काहीतरी घालून दिलं. ते त्यांनी पाहिलं, शाबासकी दिली आणि पुन्हा कागद काढला. मोबाईल रेघ काढतो पण का काढतो ते सांगत नाही, ही त्यांची तक्रार.

यंदा होळीच्या सुमारास ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, न्हाणीघरात पाय घसरून पडली. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात वर जाईना. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, “आई, यंदापासून गणपती माझ्याकडे आणूया, तुला झेपणार नाही.” ताईने फोनवर तिथल्या तिथे अट घातली. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर मोदकपात्र असतं. ते तिने स्वतःच्या हाताने काढलं तर गणपती ठाकुर्लीला, नाही तर पुण्याला, कायमचा.

झालं. साडूंना काम मिळालं. रोज सकाळी चहा झाला की ताईने भिंतीशी उभं राहून हात वर करायचा, यांनी बोटाच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करायची, आणि बिंदू कागदावर. सुरुवातीला रेघ झकास चढली. गणपतीच्या बऱ्याच आधी ती फळीला भेटत होती. एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले! त्यांनी ती पुढे वाढवली.

“दिवाळीला पंखा पुसशील,” ते म्हणाले.

“आणि होळीला वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे पाय धरीन,” ताई म्हणाली. “सरका, कुकर लावायचाय.”

एका सकाळी मात्र भिंतीवर झुरळ निघालं. वाघाला घाबरावं तशी ताई झुरळाला घाबरते. तिने चप्पल उचलली आणि दुखरा हात थेट फळीच्या वर नेला.

“हात खाली घेऊ नकोस!” साडू पेन्सिल घेऊन धावले.

“आधी झुरळ मारा!”

झुरळ पळालं, ताई दोन दिवस खांदा शेकत बसली, बिंदू मात्र कागदावर गेला आणि एकट्याने अख्खी रेघ वर खेचली. दवाखान्यात ताईला खांद्याचा व्यायाम शिकवणारी मुलगी कागद पाहून म्हणाली, “काका, तो बिंदू काढून टाका ना.”

“का? हात हिचाच होता.”

“मग काय रोज झुरळ सोडणार?”

यावर साडू बराच वेळ विचारात पडले, असं ताई सांगते.

श्रावणात बिंदू रेघेखाली उतरू लागले. हात फळीच्या चार बोटं खाली येऊन अडला. “बॉडी अशी रेघेत नाही चालत हो काका. आधी भरभर, मग सावकाश. कधीकधी तिथेच राहतं,” ती मुलगी म्हणाली. साडू त्या दिवशी मला कोपर स्टेशनपर्यंत सोडायला आले आणि वाटेत एकाही गोष्टीचा आलेख सांगितला नाही. मला काळजी वाटली.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे तिथे. मुलगाही आला होता. ताई फळीसमोर उभी राहिली, हात वर केला, दात आवळले आणि मोदकपात्र काढून ओट्यावर ठेवलं. मुलाने टाळ्या वाजवल्या. माझी नजर फळीच्या वर गेली. तिथे चार बोटं उंचीवर पुट्टीने बुजवलेल्या भोकांचे ताजे पांढरे ठिपके होते. मी “अहो, ही फळी...” एवढं म्हणालो आणि बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला. पूर्ण वजनाने.

नंतर गॅलरीत साडू मला हळूच म्हणाले, “ती व्यायामाला गेली तेव्हा सुताराला बोलावलं. पण बिंदू एकही हलवला नाही हं मी. खोटा आकडा नाही. फळी हलवली.”

दुसऱ्या दिवशी प्रसादाचं ताट देताना ताई मला म्हणाली, “बावीस वर्षं त्या फळीला हात लावतेय, मला कळत नाही होय? त्यांना सांगू नका. किती खूश आहेत बघा.”

गणपती ठाकुर्लीलाच आहे. सकाळचा चहा झाला की ताई अजूनही भिंतीशी उभी राहते, हात वर करते, आणि साडू खूण करतात. पेन्सिलीच्या खुणा आता एकीवर एक बसून तिथे एक काळा डाग पडला आहे. मागच्या रविवारी मी कागद पाहिला. या महिन्याची रेघ जवळजवळ आडवी होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आडवी असली तरी सरळच आहे ना,” म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले.