काकूंची रेव्ह पार्टी

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या सोसायटीशेजारच्या कॅफेत रेव्ह पार्टी झाली. दारू नव्हती, फिल्टर कॉफी होती. तळमजल्यावरच्या जोशीकाकू पांढरे बूट घालून सगळ्यांच्या पुढे नाचत होत्या.

संगीत दिलीप वाजवत होता. तरुणपणी तो शहराबाहेरच्या बंद वीटभट्टीवर वाजवायचा. रेव्ह पार्टी हा शब्द तेव्हा छाप्याच्या बातमीतच यायचा. जागा कुठे लिहिली जात नसे. दिलीप ऐनवेळी मोजक्याच लोकांना फोन करी. त्यांत मी होतो. आपण लपवून जपलेली गोष्ट दुसऱ्याला उजेडात, नाश्त्याच्या वेळेला मिळालेली पाहवत नाही.

"काकू, गुडघा काय म्हणतोय?" दिलीपने माइकवरून विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरा आहे. तू वाजव."

सगळे हसले. मधल्या सुट्टीत मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्याने नम्रपणे मान लववली.

"पहिल्यांदाच आलात?"

मी उत्तर देण्याआधी काकू म्हणाल्या, "आमच्या वरच्या मजल्यावरचे आहेत. मी आणलंय यांना."

"छान केलंत," दिलीप काकूंना म्हणाला आणि त्याने हेडफोन कानाला लावले. पार्टी साडेअकराला संपली.